कानावरचं सूत

कुणी कानावर विडी ठेवतं, सुतार पेन्सिल ठेवतो. यंबय्यामामा कानावर सूत ठेवायचे. खळ दिलेल्या सुताचा वीतभर तुकडा. कुठंही गेले की तो काढायचा, दोन्ही हातांत धरायचा आणि डोळे मिटून हलकेच ओढायचा. ‘टक्’ करून तुटला की हुकूम सुटायचा, “हवा कोरडी हाय. पानी मारा!” माझ्या पुतण्याच्या लग्नातही त्यांनी हेच केलं आणि मांडववाल्यानं खरोखर बादलीभर पाणी मारलं. नवरी घसरली ती थेट नवऱ्याच्या गळ्यात पडली. हार नंतर पडला. खोटं वाटत असेल तर फोटो आहे. नवरीची चप्पल हवेत आहे त्यात.

मामा सोलापूरच्या पूर्व भागात चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे मागांचे डॉक्टर. तेलुगूत जन्मले, मराठीत भांडत म्हातारे झाले. शेडमधली हवा सुकली की सूत तुटतं, म्हणून खिडक्या बंद, फटींत बोळे, फरशीवर पाणी, हा त्यांचा धर्म. “वल म्हंजे लक्ष्मी, वारा म्हंजे चोर,” असं ते म्हणायचे. निवृत्त झाले तरी घराच्या खिडक्यांना चिंध्यांचे बोळे तसेच. मी शेजारचा, मोटारी रिवाइंड करणारा. मला ते ‘वायरमन’ म्हणत. त्यांच्या घरी चहा प्यायलो की प्यायला तेवढा घामावाटे बशीत परत यायचा.

राजव्वामामींची एक कोंबडी होती, गंगी. अशी तोऱ्याची, की गल्लीतली कुत्री तिला वाट देत. एप्रिलात ती अकरा अंड्यांवर बसली, आणि दुसऱ्याच रात्री मामा खुराड्याची कडी लावायला विसरले. सकाळी गंगीची पिसं उरली होती आणि भिंतीवर बोका मिशा पुसत होता.

मामींनी अबोला धरला. सगळा कारभार माझ्यामार्फत.

“वायरमन, सांगा त्यांना, चहा ठिवलाय.”

मामा तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसलेले. “वायरमन, सांग तिला, साखर कमी हाय.”

“सांगा, बोक्याकडनं आना.”

दुपारी मामींनी मला उंबऱ्यावर उभं करून निकाल ऐकवला, “गंगीची पिलं या डोळ्यानं बघीन तवा बोलीन. न्हाय दिसली तर ह्या तोंडाला कुलूप, म्हनावं. जलमभर.”

मामा घाबरले. संप पाहिलेला माणूस, पण इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अंडी अजून हाताला कोमट होती. त्याच दिवशी थर्माकोलच्या खोक्यात मी बल्ब, ऊब सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवला. झाकणाला काच, हवेसाठी खाली दोन भोकं, वर दोन. मामांनी पाण्याची वाटी ठेवली आणि काचेआड सूत टांगलं, ओल बघायला. खळीचं सूत कोरड्यात ताठ होतं, ओलीत लोळतं.

दुसऱ्या सकाळी चारही भोकांत कापसाचे बोळे!

“मामा, पिलांना श्वास लागतो.”

“आन् वल गेली तर? पातळ पापुद्रा असतो आत. सुकला की पिलाला चिकटतो. मरतंय की ते गुदमरून!”

“बोळ्यांनी गुदमरणार नाही का?”

“तू मोटारी बघ.”

मी बोळे काढायचो, ते घालायचे. तरी निभावलं, कारण अंडी फिरवायला दिवसातून तीनदा झाकण उघडायचं आणि आपसूक हवा आत जायची. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर नऊ अंड्यांत जीव हलत होता.

अठराव्या दिवशी खरी गाठ पडली. आता अंडी फिरवायची नाहीत. पिलं बाहेर येईपर्यंत झाकण बंद. मामांनी ताजे बोळे ठासले. काचेवरून पाण्याचे ओघळ, सूत मेल्यासारखं लोळलेलं. मामा खूश, “बघ, काय वल हाय! सूतगिरनीत न्हाय अशी!”

दारातून मामींचा आवाज आला, “वायरमन, विचारा त्यांना, गंगी बोळे कोंबून बसायची का? अंड्यावरची कोंबडी बी रोज उठती, अंगनात फिरून येती. अंड्याला वारा लागू देती.”

“कोंबडीला काय कळतंय जॉबरकीतलं,” मामा पुटपुटले.

मामी आत आल्या. चारही बोळे उपटले, मामांच्या तळहातावर ठेवले आणि निघून गेल्या.

बाहेर मे महिना. आमच्याकडं मे महिन्यात कावळा गच्चीवर उतरताना आधी एक पाय टेकवून बघतो. तासाभरात सूत तारेसारखं ताठ झालं. मामांनी एकदा बोळ्यांकडं पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडं, आणि बोळे दाराबाहेर भिरकावले. मग चाळीस वर्षांची विद्या बाहेर पडली. “पानी खोल असून काय उपेग? पसरट पायजे!” शेवटचं एकदा झाकण उघडून त्यांनी वाटीच्या जागी परात ठेवली, तिच्यात आपल्या सोलापुरी टॉवेलची घडी भिजवून उभी केली, आणि सलाइनची नळी भोकातून परातीत सोडली. म्हणजे झाकण न उघडता पाणी. सूत हळूहळू वाकलं. “असं पायजे. मालकापुढच्या मुनीमावानी. लोळायचं न्हाय, ताठायचं न्हाय.”

एकविसाव्या दिवशी पहिल्या कवचाचा टवका उडाला. आत चोच दिसली. मग काहीच नाही. दोन तास झाले, चार झाले. तुटलेला धागा डोळ्यांचं पातं लवायच्या आत सांधणारे ते हात. त्यांना स्वस्थ बसवेना.

“अडकलंय बिचारं. एकच कपची काढतो.” हात झाकणावर गेला.

“चेय् तीय!”

मागे मामी! पदर खोचलेला, तोंडात तेलुगू. “हात काढा म्हनते! झाकन उघडलं तर वल जाईल, पापुद्रा चिकटंल. तुमीच सांगत व्हता की!”

मामांनी हात काढला. पण खोक्याकडं बघायचंच विसरले. “वायरमन! ऐकलं का? पिलाच्या आधी ही बोलली!”

मामींनी जीभ चावली, पण गेला शब्द गेला. संध्याकाळपर्यंत सात पिलं बाहेर आली. मामा मात्र गल्लीभर आठ सांगत हिंडले, आठवं पिलू म्हणजे मामींचा शब्द.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या खिडक्यांचे बोळे काढले. मला म्हणाले, “आमी दोघं बी खोक्यातच व्हतो की रं.” चाळीस वर्षांचा कापूस छातीत साचला होता, त्या उघड्या खिडकीशी बसून ते आणखी दोन वर्षं निवांत खोकले आणि गेल्या फाल्गुनात गेले.

परवा मामींकडं गेलो. अंगणात गंगीची नातवंडं उकरत होती. मामी खिडकीशी बसल्या होत्या.

“वायरमन,” म्हणाल्या, “आता अबोला धरायला बी कोन न्हाय.”

मामींनी कानामागून सुताचा तुकडा काढला, ओढला. ‘टक्’.

मग उठल्या, तांब्या घेतला आणि अंगणात पाणी मारलं.