गुरुवारी नऊ माणसं

मंडळी, आज माझ्या योएलच्या बार मित्झ्वाचा विधी झाला. तेरा वर्षं पूर्ण झाली की आम्हा बेने इस्रायली ज्यूंचा मुलगा मोठ्यांत जमा होतो आणि सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा तोरा हा आमचा धर्मग्रंथ वाचतो.

नातेवाइकांना शनिवार हवा होता. मी गुरुवारावर अडून बसले, ते पप्पांच्या आठवणीने.

ऐंशीच्या सुमाराला आम्ही चिंचवडला कामगारांच्या चाळीत राहायचो. कंपनीची सुट्टी गुरुवारी. शनिवारी शब्बाथ, आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, असूनही पप्पांना कामावर जावं लागे, आणि ते त्यांना मनातून खात असे. पण तोरा गुरुवारीही वाचतात, म्हणून दादाच्या बार मित्झ्वाला त्यांनी तोच वार धरला. सगळ्यांनाच सुट्टी, त्यामुळे अख्खी चाळ पुण्याला आली. कांबळेकाका, शिंदेकाका डोक्याला रुमाल बांधून शांत बसले होते. नंतर सगळ्यांनी मलिद्याचे गोड पोहे खाल्ले.

आज मात्र बऱ्याच जणांना रजा मिळाली नाही. तोरा उघडायला आमच्यातले दहा पुरुष लागतात. दादाने दोनदा मोजले, नऊच भरले.

"तुझ्या आठवणींपायी पोराचा दिवस वाया चाललाय," तो म्हणाला. हा हट्ट नक्की कोणासाठी होता?

तेवढ्यात योएल म्हणाला, "मामा, मला तेरा पूर्ण झाली की. मला धरून दहा."

ज्याच्यासाठी जमलो, त्यालाच मोजायचे आम्ही विसरलो होतो. तुमच्याकडेही होतं का असं?