ओहोटीच्या वेळी कुलाबा

माझ्या नवऱ्याने पाचोऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि तेवढ्या वर्षांत समुद्र एकदाही पाहिला नाही. आरमाराचा धडा आला की फळ्यावर खडूने अलिबागचा कुलाबा किल्ला काढायचे. भोवती लाटांच्या रेघा, बाजूला एक होडी. "होडीशिवाय इथे पोचता येत नाही," हे वाक्य घरी शिकवणीला येणाऱ्या पोरांबरोबर मीही इतक्यांदा ऐकलं, की भाजी निवडता निवडता मलाही पाठ झालं.

निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कुलाबा पाहायचा, हे ठरलेलं होतं. मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. जळगावचे डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, पण गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. जे पाहायचं ते पाहून घ्या. यांनी तेवढंच शेवटचं धरलं. दिवाळीच्या तोंडावर रेल्वेचं तिकीट काढून आणलं, अंगणात उभं राहून चष्मा कपाळावर सरकवला आणि मला सगळं वाचून दाखवलं. गाडी, डबा, दोन्ही बर्थ खालचे. पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

ते तिकीट मी रद्द करायला लावलं. जामनेरला माझ्या भावाच्या पोराचा साखरपुडा निघाला नेमका. सख्खी आत्या नाही म्हटल्यावर भावजयीने मला जन्मभर ऐकवलं असतं. "किल्ला काय पळून चाललाय का?" मी म्हणाले. माझेच शब्द हे, दुसऱ्या कुणाचे नाहीत. त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. आणि ते लग्न पुढे मोडलंच, मेलं! साखरपुड्यात नेसलेली साडी मी अजून दुसऱ्यांदा अंगाला लावलेली नाही.

पुढे थंडीत पाहुणे, मग माझं गुडघ्याचं दुखणं, मग आणखी काहीतरी. तोवर त्यांची नजर भराभर उतरत गेली. संक्रांतीला तिळगूळ माझ्या हाताच्या बाजूला ठेवला. नंतर चहाचा कप उचलायच्या आधी बोटांनी टेबल चाचपायला लागले. विचारलं की म्हणायचे, "दिसतंय गं, थोडं धुरकट." मला धडकीच भरली. फाल्गुनात मीच तिकीट काढलं. कल्याणला उतरून एसटीने पनवेल, पनवेलहून अलिबाग.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. समोर किल्ला, आणि मध्ये पाणीच नाही! नुसती ओली, चिकट वाळू. बायका साड्या वर खोचून, कडेवर पोरं घेऊन, चालत किल्ल्याकडे निघालेल्या. मी घोडागाडी ठरवायला गेले तर गाडीवाला म्हणाला, "ताई, आज एकादस. दोनला पुरी ओहोटी. चालतसुद्धा जाल, पण चारच्या आत बाहेर पडा." एकादशीचा उपास माझा चाळीस वर्षांचा, पण तिथीवरून समुद्राची वेळ काढतात हे मला कुठलं माहीत. आमच्या गिरणेला एक तर पूर येतो नाहीतर ती कोरडी पडते, दिवसातून दोनदा येणं-जाणं तिच्या गावी नाही.

यांनीही ते ऐकलं होतं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "चालत जाता येतं? आणि मी एकतीस वर्षं पोरांना होडीच सांगत आलो."

"पुस्तकात होतं तेच सांगितलं ना तुम्ही," मी म्हटलं.

"एकदा येऊन पाहायला पाहिजे होतं."

मी घोड्याच्या पाठीकडे बघत बसले.

महादरवाजात शिरल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. वर्गातला आवाज. तटाच्या दगडावर तळवा ठेवून म्हणाले, "बघ, दोन दगडांमध्ये चुना नाही. लाटेचं पाणी फटीत शिरतं आणि तिथेच त्याचा जोर मोडतो." बोट घालून फट दाखवली. बाजूने चाललेल्या दोन-तीन बाया थांबून ऐकायला लागल्या. एकीने विचारलं, "सर, तुम्ही इथलेच का?" ते हसले. गणपतीच्या देवळात हात जोडले, गोड्या पाण्याच्या तळ्याजवळ थांबले, कुठे काय असेल ते माझ्या आधी सांगत गेले. मला किती बरं वाटलं! म्हटलं, दिसतंय यांना, वेळेवर आणलं मी.

मग तटावर चढलो. तिथे चाकांच्या गाड्यांवर दोन तोफा आहेत. त्यांना तोफेच्या चाकाला धरून उभं केलं आणि पिशवी खालीच राहिली म्हणून मी पायऱ्या उतरले. परत वर आले तर ते तोफ सोडून चार पावलं पुढे गेले होते. कंबरेवर हात ठेवून, मान उंच करून उभे. माझी चाहूल लागताच म्हणाले, "केवढं पानी शे वं! नजर पुरत नही." वर्गातली भाषा गेली होती, घरची आली होती.

त्यांच्यासमोर अलिबाग गाव होतं. ओली वाळू, उभ्या घोडागाड्या, हॉटेलांच्या पाट्या, इमारती. समुद्र त्यांच्या पाठीमागे होता. मी पिशवी छातीशी धरून तिथेच थांबले. खांद्याला धरून वळवलं असतं तर एका क्षणाचं काम होतं. पण वळवून काय दाखवणार होते मी त्यांना?

"हो ना," मी म्हटलं, "बठ्ठं पानीच पानी." आणि त्यांच्या शेजारी उभी राहून त्या इमारतींकडे बघत राहिले.

साडेतीनला परत निघालो. वाळू गायब झाली होती, घोड्याच्या गुडघ्याला पाणी लागत होतं, चाकं पाणी कापत चालली होती. मी पदर तोंडाशी धरला होता, तरी नाकाने दगा दिला.

"रडी राह्यनी का?" त्यांनी विचारलं.

मग माझ्याने राहवलं नाही. "दिवाळीत आणायला पाहिजे होतं हो तुम्हाला. मी नाही आणलं. त्या मेल्या साखरपुड्यासाठी नाही आणलं."

त्यांनी हात चाचपत माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "दिवाईले बी माले दिसे नही वं. तव्हयच गयेल व्हती नजर. तू मनले लाई लेऊ नको."

मी "बरं" म्हटलं आणि त्यांचा हात धरून ठेवला. दिवाळीत त्यांना दिसत होतं. चष्मा कपाळावर सरकवून, तिकिटावरचं मुंगीएवढं अक्षरन्‌अक्षर त्यांनी मला वाचून दाखवलं होतं.