ढगाळ दिवसांतला डाग

माझी धाकटी मुलगी वेधशाळेत सूर्यावरचे डाग मोजायची. नऊ वर्षं तेच काम, नऊ वर्षं हंगामी. लहानपणापासून बारीकसारीक चुका शोधायची, म्हणून घरात तिचं नाव भिंग.

एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं मला डाग समजावला. डागाच्या गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र इतकं जबरदस्त, की खालचा तापलेला वायू वर येऊच शकत नाही. म्हणून तो भाग थंड, काळा. कडेच्या झालरीतून मात्र वायू बाहेर धावत असतो. सूर्यप्रकाशाच्या सप्तरंगी पट्ट्यातली एक बारीक काळी रेघ डागाच्या जागी दुभंगते. फट जितकी रुंद, तितकं क्षेत्र जोरदार. ती फट भिंग रोज मोजायची.

तिचा साहेब घुमटाचा जिना कधी चढला नाही. थुंकी लावून नोंदवहीची पानं उलटायचा. तो ओला अंगठा प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात उमटलेला. भिंग पान उलटायला पट्टी वापरायची.

गेल्या महिन्यात तीन दिवस आभाळ गच्च. वार्षिक अहवालात एकही रकाना रिकामा नको, म्हणून साहेबानं तिन्ही दिवसांचे आकडे स्वतःच भरले, आधी दिसत असलेल्या मोठ्या डागाचेच, थोडे इकडेतिकडे करून. मग वही तिच्यापुढे सरकवली. सही निरीक्षकाची लागते. कायम नोकरीचं पत्र शेजारीच ठेवलेलं.

तिनं ढग येण्याच्या आदल्या दिवसाचं चित्र दाखवलं. डाग अगदी कडेला पोचला होता. सूर्य फिरतो, दुसऱ्या ढगाळ दिवशी तो डाग पलीकडच्या बाजूला गेलेला असणार. नसलेल्या डागाचं चुंबकत्व साहेबानं मोजलं होतं! साहेब हसला म्हणे. सूर्य काय तक्रार करायला येणार आहे?

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. मी म्हणाले, "कर ना सही. नऊ वर्षं पाण्यात घालणार आहेस का?"

"आई, तूसुद्धा?" एवढंच म्हणाली आणि साबण लावून कितीतरी वेळ हात धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं तिन्ही ओळींवर काट मारली, 'ढग. वेध नाही.' असं लिहिलं आणि त्याखाली सही केली. एक तारखेपासून येऊ नका, असा निरोप आला.

साहेबाची शिसारी येतेच. पण त्या वहीच्या ओल्या कोपऱ्यांहून माझंच ते वाक्य मला जास्त घाण वाटतं. तिचं पुढे कसं होणार, या घोरानं झोप लागत नाही.

ती रोज सकाळी गच्चीवर लहान दुर्बिणीतून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडते, डाग रेखाटते. काल आभाळ भरलेलं होतं. स्वतःच्या वहीत तिनं तेवढंच लिहिलं.