टाकीत टीसीएल

सांडपाण्याच्या केंद्रावर लागण्याआधी मी बारा वर्षं गावच्या विहिरींत टीसीएल टाकत फिरलो. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. पाणी बिघडलं की टीसीएल, साथ आली की टीसीएल, साहेब येणार असले तरी टीसीएल. माझा हात त्यावरच बसलेला. पुढे गावाची नगरपंचायत झाली, नाल्याकाठी केंद्र उभं राहिलं आणि मला तिथे ऑपरेटर केलं. दोन दिवस शिकवलं. मोठ्या टाकीतल्या तपकिरी गाळात जंतू असतात, ते घाण खातात, त्यांना सतत हवा द्यायची, एवढं डोक्यात शिरलं. हातात कुठे शिरलं होतं!

केंद्रातून निघालेल्या पाण्याला गावात धुतलं पानी म्हणत. ते नाल्याने खाली जायचं. खाली माझ्या थोरल्या भावाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. बोडीचं छोटं तळं आटत आलं होतं, तरी त्या पाण्याच्या जोरावर त्याने पहिल्यांदाच उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले. पाण्याचा कसला, त्याला माझा भरवसा होता.

जानेवारीत टाकीला हवा देणाऱ्या ब्लोअरची मोटार जळाली. ती दुरुस्तीला साकोलीला गेली. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की शेजारच्या वस्तीतले लोक फाटकावर येऊन माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. मी चिडलो. टीसीएलचं अख्खं पोतं उचललं आणि टाकीत रिकामं केलं. वास गेला, लोक गेले. मी मिशीवरून हात फिरवला, खोटं कशाला सांगू.

मोटार आली, हवा सुरू झाली, पण टाकीवर नुसता राखाडी फेस. मी इंजिनिअरसाहेबांना फोन लावला आणि काय केलं ते सांगितलं.

"बाहेर जाणाऱ्या पाण्यात टाकलंत ना?"

"नाही साहेब, टाकीत."

 ते म्हणाले, "अहो, सगळे जंतू मारून टाकलेत तुम्ही."

शेणातही जंतू असतात, म्हणून त्यांनीच शेणाचा काला टाकीत ओतायला सांगितला. आठ दिवस मी आणि बायको घमेली वाहत होतो. आमच्या गोठ्यातलं संपलं तेव्हा दारोदार शेण मागितलं. जंतू जगले की गाळ खाली बसतो, म्हणून रोज काचेच्या भांड्यात टाकीतलं पाणी घ्यायचो आणि गाळ खाली बसतो का बघायचो. बसत नव्हता. येणारं पाणी आणि जाणारं पाणी एकाच रंगाचं. टाकीच्या कठड्यावर बसून मी ढसाढसा रडलो. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जंतूंना हात जोडले, या रे बाबांनो म्हणालो.

नवव्या दिवशी भावाच्या शेतावर गेलो. वहिनी आणि रोपं लावायला आलेल्या रोवणीच्या बाया बांधावर बसल्या होत्या. रोवायला काढून ठेवलेले पऱ्हे पाण्यावाचून पिवळे पडले होते.

"दादा, हे पानी घेऊ नको. धुतलं नाही हे."

"काहून? मोटार तं आली म्हनते."

"मीच बिघडवलं. टाकीत टीसीएल टाकलं. लोकाइच्या संडासाचं पानी हाये, जसंच्या तसं."

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

"किती दिवस लागन?"

"मले नाही माहीत. पंधरा, वीस."

"पऱ्हे चार दिवस नाही थांबत," तो म्हणाला. त्याने फावडं उचललं आणि नाल्याकडचा बांध फोडला. काळं पाणी बांधीत पसरू लागलं.

वहिनी उठली. मला वाटलं, आता ती तरी शिव्या देईल. ती जवळ आली आणि बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "भाऊजी, टीसीएलचं कोनाले सांगू नका. तुमची नोकरी जाईन."

मग तिने पदर खोचला आणि भेगाळलेल्या टाचांनी त्या पाण्यात उतरली.

"वहिनी, नको, पाया पडतो," मी ओरडलो.

तिने वर पाहिलं नाही. वाकून पऱ्ह्यांची पहिली मूठ रोवली.