अचानक भेटीचं बॅनर

साकोलीच्या आमच्या पंचायत समितीच्या कचेरीतल्या गोपनीय कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. ओळखपत्राच्या फितीला अडकवून मी ती गळ्यात घालते आणि मिरवते. हो, मिरवते. माझी आई मोठ्या घरांमध्ये भांडी घासायला जायची. तिथे चमचा जरी हरवला तरी आधी तिच्या पदराची गाठ सोडून बघायचे. चमचा मोरीतच सापडायचा, पण माफी कोणी मागायचं नाही. म्हणून सरकारनं माझ्यावर भरवसा ठेवून किल्ली दिली, तेव्हा आईनं ती तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिली होती.

तर आमचे नवे साहेब. पुण्याकडचे, स्वभावानं बरे, पण अचानक भेटींचं भारी वेड. गावात न सांगता जायचं आणि ग्रामपंचायतीला रंगेहाथ पकडायचं. त्यासाठी त्यांनी ‘अतिगोपनीय’ नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. त्यात साहेब, मी आणि गाडीचा ड्रायव्हर, एवढेच. कोणत्या गावाला जायचं ते तिथे कळायचं आणि त्याचा आदेश मी कपाटात कुलूपबंद करायची.

पहिली भेट तलावाकाठच्या एका गावी होती. पोचलो तर वेशीवर बॅनर! ‘अचानक भेटीनिमित्त माननीय साहेबांचे हार्दिक स्वागत’. खाली साहेबांचा गॉगल घातलेला फोटो. शाळेसमोर रांगोळी, कोतवालाच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. जेवायला तलावातले झिंगे होते. आमच्याकडे झिंगे म्हणजे नाकाडोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. हे मात्र दवाखान्यातल्या पथ्यासारखे. मला नवल वाटलं, पण साहेबांनी दोनदा मागून घेतले. मग परतीच्या वाटेवर त्यांना राग आला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीसमोर ते म्हणाले, “माहिती फुटलीय. चौकशी होईपर्यंत किल्ली माझ्याकडे द्या.” आणि हात पुढे केला. मी फितीची गाठ सोडत होते आणि सगळे आपापल्या टेबलाकडे बघत होते. मला एकदम आईचा पदर आठवला. रडू येत होतं आणि साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट फेकून मारावासाही वाटत होता. दोन्ही केलं नाही. संध्याकाळपर्यंत ड्रायव्हर आणि मी ग्रुपमधून बाहेर. आता ‘अतिगोपनीय’मध्ये साहेब एकटेच. ते स्वतःच मेसेज टाकायचे आणि खाली स्वतःच अंगठा दाखवायचे म्हणे.

आईला कळू नये म्हणून मी फितीला घरच्या ट्रंकेची किल्ली अडकवली. ती गळ्यात बोचायची.

काही दिवसांनी साहेब सकाळीच म्हणाले, “बसा गाडीत.” कुठे ते सांगेनात. ड्रायव्हरलाही नाही. प्रत्येक फाट्यावर नुसतं “डावीकडे”, “उजवीकडे”. एकदा नुसतं बोट.

“साहेब, हा रस्ता त त्याच तलावाच्या गावाले जाते,” ड्रायव्हर म्हणाला.

“बोलू नका. इतक्यात पुन्हा येऊ असं त्यांच्या स्वप्नातही नसेल.”

वेशीवर बॅनर होतं. आधीच्यापेक्षा मोठं. ‘दुसऱ्या अचानक भेटीनिमित्त’.

साहेबांनी वळून आमच्याकडे संशयानं पाहिलं. आम्हाला तर गाव आत्ता कळलं होतं. तपासणी कशीबशी उरकली. मग राग एका बाजूला ठेवून ते पंगतीला बसले. सरपंचबाई स्वतः वाढायला आल्या.

“घ्या न साहेब. या खेपेले तिखट अजूनच कमी टाकलं. मागच्या खेपेले तुमाले ठसका लागला होता.”

“पण मी येणार हे तुम्हाला सांगितलं कुणी?”

“आता हे काय बोलता? दोन्ही खेपेले तुमीच त फोन केला. झिंगे ठेवजा म्हणे, कमी तिखट करजा म्हणे, अन् मी येऊन राहिलो हे कोणाले सांगू नोका म्हणे. आमी कोणालेच नाही सांगतलं. बॅनरवाल्याले तेवढं सांगा लागलं.”

ड्रायव्हरनं खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबला. साहेबांना पुन्हा ठसका लागला. या वेळी तिखटाचा नव्हता.

“मॅडम,” ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “किल्लीचं ऑफिसात गेल्यावर बघू. दार लावून.”

“नाही साहेब,” मी चांगलं मोठ्यानं म्हणाले. “सगळ्यांसमोर घेतली होती. सगळ्यांसमोरच द्या.”

सगळी पंगत आमच्याकडे बघू लागली. साहेबांनी डाव्या हातानं खिशातून किल्ली काढून पुढे केली. मी हात पुढे केला नाही. मग त्यांना समजलं. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, रश्शानं माखलेल्या, तशीच, आणि म्हणाले, “चूक माझी होती. तुमच्याकडून काहीच फुटलं नव्हतं.” मी ती ओंजळीत घेतली.

घरी आल्यावर आईनं नाक मुरडलं. “तुह्या किल्लीले झिंग्याचा वास कायले येऊन राहिला?”

मग मी सगळं सांगितलं, ट्रंकेच्या किल्लीसकट. बॅनरचं ऐकून ती पोट धरून हसली. पण साहेब काय म्हणाले ते ऐकल्यावर हसणं थांबलं.

“सगळ्यायसमोर म्हणला का तो? चूक त्याची होती म्हणून?”

“सगळ्यांसमोर.”

किल्ली धुवायला मी उठले होते. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

“राहू दे वास,” ती म्हणाली. “धुवू नोको.”