अंदाजाने चालणारा रविवार

शांतवन मास्तर गेल्याची तार आली, तेव्हा मी नागपुरात, महाविद्यालयाच्या अंधाऱ्या खोलीत वर्णपटाचा फोटो घेतलेली काच धूत होते. अशा वेळी दार उघडले तर आठवड्याचे काम उजेडाने वाया जाते. म्हणून कचेरीतल्या कारकुनाने बाहेरूनच सांगितले, "बाई, हिंगणघाटची तार आहे." मी म्हटले, "वाचा." त्याने वाचली. काच पूर्ण धुऊन होईपर्यंत मी आतच उभी राहिले. हातातले काम अर्धवट टाकून आलेली मी मास्तरांना आवडले नसते.

दुपारच्या बसने मी हिंगणघाटला निघाले. त्या दिवशी शुक्रवार होता. योगायोगांना अर्थ चिकटवण्याची मला सवय नाही. सात वारांपैकी कोणता तरी एक असायचाच. पण मास्तर आणि मी ज्या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडलो, तो शुक्रवारपासूनच सुरू होत असे, आणि बसमध्ये तोच डोक्यात फिरत होता.

मास्तर शाळेत गणित आणि विज्ञान शिकवीत. ते ख्रिस्ती होते, आम्ही हिंदू. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावरून दिवसभर देवाणघेवाण चाले. माझे वडील मिलच्या कचेरीत होते. मॅट्रिक झाल्यावर मला नागपूरला पाठवण्याचा विषय निघाला, तेव्हा वडील म्हणाले, "मास्तर, पोरीच्या लग्नाचंही पाहा लागते." मास्तर भिंतीपलीकडूनच म्हणाले, "लग्न कुठं पळून राह्यलं बाबूजी? कॉलेजची तारीख पळून जाते." वडील हसले, आणि वडील हसले की निम्मे काम झालेले असे.

मास्तरांच्या पुढच्या खोलीत एक लंबकाचे घड्याळ होते. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, दुपारी तीनच्या ठोक्यानंतर मास्तर स्टुलावर चढून लंबक हाताने थांबवीत. ख्रिस्ती धर्मग्रंथात त्या मरणाची वेळ नववा तास अशी दिली आहे. सूर्योदयापासून मोजले की ती आपल्या तीनच्या सुमारास येते. रविवारी सकाळी ते घड्याळ पुन्हा चालू करीत. लहानपणी हा सगळा प्रकार मला अशास्त्रीय वाटे. मी विचारले होते, "रविवारी मिलचा भोंगा होत नाही. मग घड्याळ कशावर लावता?" मास्तर म्हणाले, "उन्हाकडं पाहून, अंदाजानं. सोमवारी भोंगा झाला का दुरुस्त करतो."

"म्हणजे रविवारभर तुमचं घड्याळ चुकतं."

"चुकते ना. पण चालते."

मी इंटरला असताना प्रश्न अधिक धारदार केला. शुक्रवारी दुपारी मरण. संध्याकाळी, शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा शनिवार लागण्यापूर्वी, घाईने कबरेत ठेवणे. रविवारी पहाटे कबर रिकामी. याला तुम्ही 'तिसऱ्या दिवशी' कसे म्हणता? बेरीज केली तर जेमतेम दीड दिवस भरतो. मास्तर अंगणात दात कोरत बसले होते. त्यांनी उलट विचारले, "तुझे काका कधी वारले?"

"गुरुवारी सांजेला."

"राख कधी सावडली?"

"तिसऱ्या दिवशी." मी बोलून गेले, आणि मग मनात वार मोजले. राख शनिवारी सावडली होती.

"मंग? तिथं काऊन नाई भांडली भटजीसंगं?" मास्तरांना फार मजा वाटली. रिबकामावशी, त्यांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "खाऊ द्या तिले आधी, मंग हरवा."

मी हरले नव्हते. मरणाचा दिवस पहिला धरण्याची रीत येशूच्या काळच्या यहुद्यांत होती आणि आपल्याकडेही आहे, हे मान्य. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा सूर्यास्ताला, आणि घड्याळाचा मध्यरात्री; म्हणजे 'दिवस' हे माप प्रत्येक घरात वेगळे, हेही मान्य. पण येशूची जी चार चरित्रे, म्हणजे शुभवर्तमाने, आहेत, त्यांतल्या एकात माशाच्या पोटात राहिलेल्या योनाचा दाखला देऊन तीन दिवस आणि तीन रात्री असे स्पष्ट म्हटले आहे. दिवस तीन भरतील. रात्री कशाही मोजल्या तरी दोनच. पुढच्या सुट्टीत मी हा मुद्दा मांडला, आणि त्याच्या जोडीला दुसराही: तीन वृत्तांतांत येशूचे शेवटचे भोजन यहुद्यांच्या वल्हांडण सणाचे आहे, चौथ्यात मरण आले तेव्हा तो सण अजून लागायचाच आहे. दोन्ही एकदम खरे कसे असेल?

कोणी धर्मनिष्ठ माणूस चिडला असता, किंवा एखादे कुशल उत्तर काढून त्याने मला गप्प केले असते. मास्तरांना अशी उत्तरे पाठ होती. त्यांनी ती सांगितली, एकेक करून तपासली, आणि शेवटी म्हणाले, "एक रात्र कमी पडते. मले भरून काढता येत नाई."

"मग विश्वास कशावर ठेवता?"

ते म्हणाले, "तू दोन टोकं मोजून राह्यली. शुक्रवारबद्दल चौघांनी पानंच्या पानं लिहिली, रविवारबद्दलही लिहिलं. मधल्या शनिवारी येशूसंगं आलेल्या त्या बाया काय करत होत्या? थांबल्या, एवढंच लिहिलं आहे. देहाले लावाची सुगंधी तेलं तयार होती, कबर कुठं हाय ते पाहून ठेवलं होतं, पण शब्बाथ होता, जाता येत नव्हतं. शनिवार मोजाचा नसते, सुमन. काढाचा असते."

मला ते उत्तर वाटले नाही. प्रश्नाला बगल दिली, असेच वाटले, आणि मी तसे तोंडावर सांगितलेही. ते म्हणाले, "असू दे. कच्चं उत्तर म्हणून ठेव."

तर त्या शुक्रवारी मी पोचले, तेव्हा अंगणात माणसे दाटली होती. मास्तर पहाटे झोपेतच गेले होते. त्यांची एकुलती एक मुलगी एस्तेर मद्रासकडे परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिची उलट तार नुकतीच आली होती. ती निघाली होती. रविवारी सकाळच्या गाडीने पोचणार होती.

मावशी मास्तरांच्या उशाशी बसल्या होत्या. चर्चचे पाळकसाहेब हळू आवाजात सांगत होते की एप्रिलचे ऊन आहे, सूर्य मावळायच्या आत माती द्यायला हवी. मला पाहिल्यावर मावशींनी माझे मनगट धरले. "तू सायन्स शिकली. तू सांग. बर्फावर ठेवता येईल काय, एस्तेर येईपर्यंत? तिले बापाचं तोंड पाहाचं हाय."

आजवर मला विचारला गेलेला हा सर्वांत अवघड प्रश्न. मी तो प्रश्नासारखाच हाताळला, कारण दुसरी कोणतीही रीत मला येत नव्हती. बर्फ नागपूरहून भुशात येणार, येईपर्यंत निम्मा विरघळणार; खोलीला पत्र्याचे छप्पर; रविवारपर्यंत तो पुन्हापुन्हा मिळण्याची खात्री नाही. एस्तेरला तोंड दिसेल, पण जे दिसेल ते तिने पाहू नये. अंगणातली सगळी माणसे माझ्याकडे पाहत होती. मी म्हटले, "नाही मावशी. ठेवता येणार नाही."

त्यांनी माझे मनगट सोडले नाही. "पक्कं?"

"पक्कं."

"मंग उचला," त्या म्हणाल्या.

पुढे सगळे घाईत झाले. अंग पुसायलाही धड वेळ मिळाला नाही. मावशी शर्टाच्या गुंड्या लावत असतानाच पेटी आली. पेटी उंबऱ्याबाहेर निघाली तशा त्या आत परतल्या, स्टुलावर चढल्या आणि लंबक थांबवला. कबरस्तानात प्रत्येकाने मूठमूठ माती टाकली. मावशींनी टाकली नाही. त्यांनी एका टोपल्यात माती भरून घेतली, ती ओल्या फडक्याने झाकली आणि घरी आणली. कोणी तरी विचारले, तेव्हा एवढेच म्हणाल्या, "एस्तेरची हाय."

शनिवारी मी तिथेच होते. सांगण्यासारखे काहीही घडले नाही. मावशींनी फडके वाळू दिले नाही. वाळले की पुन्हा भिजवत. शेजारच्या घरून भाकरी आली, ती आम्ही खाल्ली. एकदा त्या म्हणाल्या, "डाव्या बाहीची गुंडी राह्यली लावाची." मी म्हटले, "मी पाहिलं, लावली होती." त्या म्हणाल्या, "नाई. राह्यली." भिंतीवरचे घड्याळ बंद, माझे मनगटी घड्याळ चालू; पण ते मी पर्समध्ये घालून ठेवले, कारण त्याच्याकडे पाहून उपयोग नव्हता. गाडी रविवारच्या आधी येणार नव्हती. ग्रंथाच्या त्या पानावर शनिवारबद्दल एकच ओळ का आहे, हे मला कोणी समजावले नाही. दुसरी ओळ लिहिण्याजोगे काही नसतेच.

रविवारी झुंजुमुंजू झाले तशा आम्ही स्टेशनवर गेलो. एस्तेर उतरली. तिने आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि माती देऊन झाली आहे हे तिला कळले. आम्ही स्टेशनवरून थेट कबरस्तानात गेलो. मावशींनी टोपले पुढे केले. माती अजून ओली होती. एस्तेरने ती ओंजळीओंजळीने घातली, शेवटी टोपले पालथे करून झटकले, आणि मग खाली बसून रडली. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रड. आता रड." तिघींपैकी कोणीही कशाची बेरीज केली नाही.

घरी आल्यावर चहा होण्यापूर्वी एस्तेर स्टुलावर चढली. वडील करीत तसेच तिने दारातून उन्हाकडे पाहिले, काटे फिरवले आणि लंबकाला बोट लावले.

कमी पडणारी रात्र अजून कमीच आहे. मास्तरांसाठी म्हणून मी ती भरून काढणार नाही. त्यांनाही ते चालले नसते.

गेल्या आठवड्यात मी मावशींना भेटायला गेले होते. एस्तेर शिक्षण पुरे करायला परत गेली आहे. आम्ही बोलत असताना मिलचा भोंगा झाला. मी वर पाहिले, तर मास्तरांचे घड्याळ चांगलेच मागे होते. मधे कितीतरी सोमवार येऊन गेले होते. सवयीने मी उठले, स्टूल ओढले आणि काचेचे दार उघडले.

"हात नको लावू," मावशी म्हणाल्या. "तिनं लावून देलं, ते राहू दे."

मी दार लावले आणि स्टूल जागेवर ठेवले. मग आम्ही त्याच घड्याळाने निवांत गप्पा मारल्या, त्याच घड्याळाने मी निघाले, आणि माझी बस अर्थातच गेलेली होती.