अप्पांचं लॉगिन

“पोरी, मला कुणी काढलं?”

सकाळी ऑफिसच्या जिन्याखाली गाडी लावत होते, तेवढ्यात अप्पांचा फोन आला. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. सरळ हाच प्रश्न.

“काय झालं अप्पा?”

“ॲप उघडायलोय, उघडंना. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. म्हणतंय, तुम्हाला परवानगी न्हाई. माझ्याच दुकानाची मला परवानगी न्हाई? कुणी काढलं तेवढं सांग.”

“बघते आणि सांगते,” म्हणून मी फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं काहीच नव्हतं. अप्पांना आदल्या संध्याकाळी मी सुरू केलेल्या प्रोग्रामने काढलं होतं.

मी नांदेडमधल्या एका छोट्या कंपनीत नेटवर्कचं काम करते. मालक फारूखभाई आणि आम्ही मोजकी माणसं. अप्पा आमचे जुने क्लायंट. घराणं लातूरचं. बियाणं, खत आणि ठिबकचा व्यापार. लातूर-उदगीरला दुकानं आहेत, आणि इकडे भोकर, मुदखेड, उमरीलाही. हे सगळं अप्पांनी एका गाळ्यातून उभं केलं. आता कारभार त्यांचा पुतण्या बसवराज बघतो; अप्पा त्याला बसू म्हणतात.

प्रत्येक दुकानात राउटर आहे, वायफाय आहे, कॅमेरे आहेत. बिलिंगचा कॉम्प्युटर आहे आणि खत देताना शेतकऱ्याचा अंगठा घेणारं मशीन आहे. हे सगळं एका नेटवर्कवर चालतं. पूर्वी उमरीचं वायफाय बंद पडलं की मी बॅग घेऊन उमरीला जायचे. आता ही नेटवर्क्स क्लाउडवरून चालतात. म्हणजे सगळ्या दुकानांचे राउटर एकाच वेबसाइटवर, किंवा मोबाइलमधल्या तिच्या ॲपवर, दिसतात आणि नांदेडला बसून दुरुस्त करता येतात. त्या वेबसाइटवर ज्याचं ॲडमिन अकाउंट, त्याच्या हातात सगळी दुकानं. अकाउंट दोन प्रकारचं असतं. फुल ॲडमिन काहीही बदलू शकतो, बंदही करू शकतो. रीड-ओन्ली असलेला नुसता बघतो.

अडचण अशी की अकाउंट द्यायला सगळ्यांना आठवतं, काढायला कुणालाच नाही. भोकरचा एक मॅनेजर नोकरी सोडून दुसऱ्या दुकानदाराकडे गेला, तरी त्याचं फुल अकाउंट चालूच होतं. ते दिसल्यावर मी हाताने काढाकाढी करणं सोडलं आणि प्रोग्राम लिहिला. बसवराजच्या ऑफिसातून कर्मचाऱ्यांची यादी येणार. यादीत नाव असेल तर हुद्द्याप्रमाणे अकाउंट मिळणार. नाव नसेल तर अकाउंट जाणार. कुणी लक्षात ठेवायची गरज नाही.

यादी आली तेव्हा त्यात अप्पा नव्हते. मी बसवराजला फोन करून विचारलंही होतं, “अप्पांचं नाव राहिलं का?”

“यादी फायनल हाय मॅडम. चालवा तुम्ही.”

मी चालवला.

फारूखभाईंच्या केबिनमध्ये गेले तर त्यांनाही अप्पांचा फोन येऊन गेलेला. “लई गरम हायेत,” ते म्हणाले. “म्हणतात, बसूनं मला धंद्यातून बाहेर काढलं. वाटणी पायजे असंल तर तोंडावर माग म्हणावं, मी वकील बोलावतो. बाई, तुमच्या एका प्रोग्रामनं घर फुटायला लागलंय.”

तेवढ्यात बसवराजचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला.

“मॅडम, अप्पांना सांगा सिस्टीमची चूक झाली. सॉफ्टवेअरनं आपोआप काढलं म्हणा. त्यांना रीड-ओन्ली देऊन टाका, विषय संपला.”

“पण चूक झालेली नाही. यादी तुम्ही दिली.”

“हाव, दिली.” तो म्हणाला. “मुदखेडचं विसरलात का?”

विसरले नव्हते. मृगाच्या पेरणीत, खतासाठी रांग लागलेली असताना मुदखेडच्या दुकानात अंगठ्याचं मशीन बंद पडलं. बिलिंगही बंद. सगळ्यांना वाटलं इंटरनेटची लाइन गेली. मी वेबसाइटवरचा लॉग उघडला. लॉग म्हणजे कोणत्या अकाउंटवरून काय केलं गेलं याची नोंद. तिथे अप्पांचं नाव होतं. त्यांनी लातूरहून मोबाइलवर मुदखेडचं वायफाय बंद केलं होतं. मी बसवराजला सांगितलं, वायफाय सुरू केलं. त्याने पुढे अप्पांना सांगितलं असेल असं मी धरून चालले.

“त्यांनी मला हाताला धरून गल्ल्यावर बसवलं मॅडम,” बसवराज म्हणाला. “कुठल्या तोंडानं सांगू, तुमच्यामुळं दुकान बंद पडलं?”

मला राग आला आणि त्याची दयाही आली. जे तो स्वतः बोलायला धजत नव्हता, ते त्याने माझ्या प्रोग्रामकडून वदवून घेतलं होतं. प्रोग्रामला काय, त्याला भीड नसते.

मी म्हटलं, “मी खोटं बोलणार नाही. आज चूक झाली म्हटलं, तर उद्या काढलेला प्रत्येक माणूस चूकच झाली म्हणेल. मी लातूरला येते. सांगायचं तुम्ही. मी शेजारी बसेन.”

फोन ठेवल्यावर फारूखभाईंनी विचारलं, “क्लायंट गेला तर?”

“खोटं उघडं पडलं तरी जाईलच की.”

“जा मग,” ते म्हणाले. “आवाज मात्र चढवू नका.”

अहमदपूरमार्गे एसटीने लातूर गाठलं. दुकानामागच्या खोलीत अप्पा बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर मोबाइल पालथा ठेवलेला. बसवराज उभाच होता. चहा आला. कुणी कपाला हात लावेना.

“अप्पा, ते सिस्टीमनं...” बसवराजने सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे बघत राहिले.

“न्हाई अप्पा,” तो म्हणाला. “मीच काढलं.”

“का?”

तो खाली बसला आणि माझ्याकडे वळला. मग मी विचारलं, “अप्पा, पेरणीत मुदखेडचं मशीन बंद पडलं होतं, आठवतं?”

“आठवतंय की. लाइन गेलती. मी त्या लाइनवाल्याला फोनवर लई झापलं.”

“लाइन गेली नव्हती. त्या दिवशी तुम्ही मुदखेडचं वायफाय बंद केलं होतं ना?”

“पोरांचं बंद केलं. गिऱ्हाईक सोडून व्हिडिओ बघत बसतेत.”

“पोरांचं आणि मशीनचं वायफाय एकच होतं, अप्पा.”

अप्पांनी मोबाइल सरळ केला, पुन्हा पालथा ठेवला. बाहेर कुणीतरी पोती मोजत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“लोकं किती वेळ उभी होती?”

“दुपारपर्यंत,” बसवराज म्हणाला.

“आन् तू मला सांगितलं न्हाईस.”

“न्हाई.”

“त्या लाइनवाल्याचा नंबर लाव.”

बसवराजने लावून दिला. अप्पा आमच्यासमोरच बोलले, “त्या दिवशी तुला बोललो ते चुकलं बाबा. तुझी लाइन बरोबर होती.” पलीकडच्याला बहुतेक काही आठवतही नव्हतं. अप्पांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

मी रीड-ओन्लीचं समजावलं. सगळी दुकानं दिसतील, बंद मात्र काही करता येणार नाही.

“म्हणजे बघायचं, हात लावायचा न्हाई. पाहुण्यावानी.”

माझ्या लेखी ती एक सेटिंग होती. रोज सकाळी दुकानं उघडली का ते त्या ॲपवर बघणाऱ्या माणसाला ती काय वाटेल, याचा मी कधी विचार केला नव्हता.

“नियम काय हाय तुझा?” त्यांनी विचारलं.

“जो नेटवर्कचं काम करतो त्याला फुल. बाकीच्यांनी बघायचं.”

“बरं. मग बसू काय काम करतो त्याच्यात?”

मी लॅपटॉपवर लॉग काढला. बसवराजच्या फुल अकाउंटवरून आजवर एकही बदल झालेला नव्हता. मी तसं सांगितलं.

“अप्पा, पण मी मालक...” बसवराज बोलून गेला आणि तिथेच थांबला.

“मालक असणं हे काम न्हाई, बसू,” अप्पा शांतपणे म्हणाले. “असतं तर तू मला काढलं नसतंस.” मग माझ्याकडे वळून, “पोरी, माझं नुसतं बघायचं कर. आन् त्याचंबी कर. आत्ता, माझ्यासमोर.”

मी बसवराजकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. शेवटी तो म्हणाला, “करा.”

मालक मंडळींचं फुल अकाउंट काढा, असं मी प्रत्येक क्लायंटला सांगत आले आहे. आजवर कुणी ऐकलं नव्हतं. त्या खोलीत चहा निवायच्या आत दोघांचं झालं. फुल दोघींकडेच राहिलं. एक मी, आणि दुसरी त्यांच्या लातूर ऑफिसात रोज कॉम्प्युटर सांभाळणारी शिल्पा. दोघी अशासाठी, की एकीचं लॉगिन अडकलं तर दुसरीने सोडवावं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या दुकानांत पोरांचं वायफाय वेगळं आणि मशीनचं वेगळं केलं. ते आधीच व्हायला हवं होतं.

वकील काही आला नाही. पण अप्पा बरेच दिवस बसवराजशी कामापुरतंच बोलत होते, असं शिल्पाकडून कळलं. दुकान बंद पडल्याचा त्यांना राग नव्हता, ती म्हणाली. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आपल्याला शेवटी कळली, हे त्यांना लागलं होतं.

प्रोग्राम मी बदलला. यादीतून नाव गेलं की तो आता अकाउंट लगेच काढत नाही. आधी यादी पाठवणाऱ्याला विचारतो, या माणसाशी तुम्ही बोललात का? हो असं उत्तर आलं तरच काढतो. नोकरी सोडून गेलेल्यांना ही सवलत नाही, ते त्याच दिवशी जातात. फारूखभाई म्हणाले, “मग ऑटोमेशन अर्धंच झालं की.” अर्धंच झालं. अधिकार काढायचं काम मशीनला देता येतं. ते त्या माणसाला सांगायचं काम मी देऊन बघितलं, ते माझ्याकडेच परत आलं, लातूरच्या तिकिटासकट.

मध्यंतरी बसवराजचा फोन आला. “मॅडम, एक दिवसापुरतं फुल द्या की.”

“काम काय आहे?”

“कळवतो,” तो म्हणाला.

अजून कळवलेलं नाही.